व्यसन : नाही — मिश्री लावणाऱ्या एका गरोदर बाईचं प्रकरण

पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीतून आमच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांपैकी ही एक. वय २४, दुसरं बाळंतपण. माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, सासर पुण्यात. नवरा मार्केट यार्डात हमाली करतो, ती सहकारनगरात चार घरची धुणीभांडी करते. तिला विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून मी हे लिहिते आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. या प्रकरणात दोन चुका झाल्या, दोन्ही माझ्या. दोन्ही सहज टाळता येण्यासारख्या होत्या, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा आली तेव्हा १४ आठवडे झाले होते. उंची १५० सेंमी, वजन ४१ किलो, हिमोग्लोबिन ८.९, रक्तदाब ११०/७०. बाराव्या आठवड्यातली सोनोग्राफी सोबत होती, त्यामुळे तारखांबद्दल शंका नव्हती. थोरली मुलगी तीन वर्षांची. ती ३७ आठवड्यांची झाली, पण वजन होतं फक्त १,९०० ग्रॅम. तेव्हा तिला एवढंच सांगण्यात आलं होतं की आईच्या अंगात रक्त कमी, म्हणून लेकरू बारीक. मीही ते कारण तसंच उचललं. लोहाच्या गोळ्या वाढवल्या, डाळ-अंडी-शेंगदाण्याचं बोलले. फॉर्मवर एक रकाना असतो, ‘व्यसन’. सिस्टरने विचारलं, "काही व्यसन आहे का?" ती म्हणाली, "नाही." सिस्टरने ‘नाही’ लिहिलं आणि मी खाली सही केली.

पुण्यात काम करणाऱ्या डॉक्टरला बारीक बाळाचं नवल वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळांचा जो अभ्यास केला, त्यात बाळांचं सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे साडेतीन. आपली बाळं हाडामांसाने कृश, पण चरबी मात्र राखून असलेली, हे त्यातून जगाला कळलं. हे काम फार मोलाचं आहे. पण आमच्यासारख्यांच्या डोक्यात त्याचं सोपं रूप शिल्लक राहतं, ‘आपली बाळं लहानच असतात’. एकदा असं म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचं राहून जातं.

एकोणिसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत काही व्यंग नव्हतं. साखर ठीक, थायरॉइड ठीक. अठ्ठावीस आठवड्यांना हिमोग्लोबिन १०.२ झालं, आईचं वजन सहा किलो वाढलं. मी खूश होते. त्या दिवशी पोटावर टेप धरला तर गर्भाशयाची उंची २६ सेंमी भरली. साधारणपणे जितके आठवडे तितके सेंटिमीटर, एक-दोन इकडे-तिकडे. चालेल म्हटलं. तिसाव्या आठवड्यात २७ भरले, तेव्हा मात्र लगेच सोनोग्राफीला पाठवलं.

बाळाचं अंदाजे वजन १,१५० ग्रॅम आलं. या आठवड्यात १,३०० ग्रॅमच्या खाली गेलं तर आपण काळजी करू लागतो, हे तर शंभरांतल्या सर्वांत लहान तीन बाळांमध्ये बसणारं. डोक्याचा घेर थोडाच मागे, पोटाचा घेर जवळजवळ तीन आठवडे मागे. याचा अर्थ साधा आहे. पुरवठा कमी पडला की बाळाचं शरीर रक्त मेंदूकडे वळवतं आणि यकृताचा साठा रिकामा ठेवतं, म्हणून पोट बारीक राहतं. नाळेतल्या रक्तप्रवाहात अडथळा वाढलेला दिसत होता, पण प्रवाह कुठे थांबत नव्हता. गर्भजल ९ सेंमी, म्हणजे बेताचं. आईचं खाणं सुधारलं, रक्त वाढलं, आणि बाळ मात्र मागे पडत गेलं. माझं कारण इथे खोटं ठरलं.

उत्तर मला सापडलं नाही, ते तिच्या मुलीने दिलं. रिपोर्ट दाखवायला ती आली तेव्हा मुलगी बाकावर बसली होती. तिने उजव्या हाताची तर्जनी तोंडात घातली आणि खालच्या दातांवरून, हिरडीवरून सावकाश फिरवायला लागली. डोळे अर्धे मिटलेले. आमच्या सिस्टर मूळच्या बार्शीकडच्या. त्यांनी पाहिलं आणि मुलीलाच विचारलं, "काय गं, कुणासारखं करतीस?" पोरगी म्हणाली, "आईसारखं."

मी आईकडे वळून म्हटलं, "मिश्री लावतेस?"

"लावते की."

"मग व्यसन नाही म्हणालीस?"

ती खरोखर गोंधळली. "मिश्री म्हंजे व्यसन व्हय मॅडम? दात घासायचं असतंय ते."

ती खोटं बोलली नव्हती, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. तिच्या लेखी व्यसन म्हणजे नवऱ्याची दारू, दिराचा गुटखा. व्यसन पुरुष करतात. मिश्री ही सकाळची गोष्ट, चुलीशेजारच्या डबीतली. तिची आई लावते, सासू लावते, नणंद लावते. चूक माझ्या प्रश्नातल्या शब्दाची होती.

ज्यांच्या घरात ही डबी नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची, ती मिश्री किंवा मशेरी. भाजल्याने तंबाखू निवते असा समज आहे. प्रत्यक्षात निकोटिन शिल्लक राहतंच, वर भाजताना कर्करोग घडवणारी रसायनं तयार होतात ती वेगळीच. १९९२ पासून आपल्या देशात दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी आहे. पण मिश्री मंजन म्हणून विकली जातच नाही, ती तंबाखूच असते. तिला मंजन आपण घरी केलं. बोटावर घेऊन ती दातांना लावतात आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवतात. हिरडीची त्वचा पातळ असते, त्यामुळे निकोटिन तिथूनच रक्तात उतरतं.

मग मी शांतपणे, कुठलाही शब्द न लादता विचारत गेले. सकाळी उठल्यावर पहिली. ती लावल्याशिवाय परसाकडला होत नाही. दुसरी कामाच्या पहिल्या घरी जाण्याआधी, मग दुपारी, मग संध्याकाळी भाकरी टाकायच्या आधी. दिवस राहण्यापूर्वी तीन-चारदा लावायची, आता सहा-सातदा. का वाढली? सुरुवातीला मळमळायचं, मिश्री लावली की बरं वाटायचं. नंतर मात्र "सारखी तलफच येती". हे तिचं निरीक्षण अचूक होतं. गरोदरपणात शरीर निकोटिन जास्त वेगाने निपटून टाकतं, त्यामुळे तेवढ्याच पुडीचा असर लवकर उतरतो आणि हात पुन्हा डबीकडे जातो. नेमक्या ज्या महिन्यांत ती कमी व्हायला हवी, त्याच महिन्यांत शरीर जास्त मागतं.

निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. गर्भाशयाकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि वार (प्लॅसेंटा) जेवढं पुढे देऊ शकते तेवढंच बाळाला मिळतं. शिवाय निकोटिन वार सहज ओलांडतं आणि बाळाच्या रक्तात ते आईच्या रक्तापेक्षाही थोडं जास्त भरतं. तंबाखूतलं कॅडमियम वारेत साचतं आणि बाळाकडे जाणारं जस्त अडवतं. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड मिश्रीत नसतो, म्हणून काही डॉक्टरही ती सौम्य समजतात. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १,२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये जे मांडलं, ते वाचल्यावर हा समज टिकू नये. त्यातल्या सुमारे १७ टक्के बायका बिनधुराची तंबाखू वापरत होत्या, आणि त्यांत मिश्रीच जास्त होती. इतर कारणं वजा केल्यावरही त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि सहा दिवस आधी जन्मली. याच गटाच्या पुढच्या लेखात मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीच पटींहून अधिक दिसला. १०५ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. साडेतीन किलोच्या बाळाला ते थोडेच आहेत. आधीच सव्वादोन किलोवर थांबणाऱ्या बाळाला नाहीत.

तिला हे सगळे आकडे मी सांगितले नाहीत. हाताची मूठ आवळून दाखवली आणि म्हटलं, "मिश्री लावलीस की बाळाची नळी अशी होते. थोड्या वेळाने सैल होते. तोवर तू परत लावतेस." ती मुठीकडे बघत राहिली. "म्हंजे ह्या थोरलीलाबी?" मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही, पण असेल. ती रडली. मी थांबले. अशा वेळी काही समजावून सांगू नये असं माझं मत आहे.

ठरलं ते असं. आजपासून बंद. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, रात्री इसबगोल, म्हणजे पोटाचं कारण उरायला नको. दात साध्या ब्रश-पेस्टने घासायचे, लाल मंजनाने नाही. तलफ आली की बडीशेप किंवा भाजलेला ओवा. पहिले तीन-चार दिवस डोकं धरेल, चिडचिड होईल, आठवड्यानंतर जोर ओसरेल. निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्या गरोदरपणात पहिला उपाय म्हणून मी देत नाही, तशी गरज पडली असती तर विचार केला असता. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन, तो नंबर तिच्या मोबाइलमध्ये भरून दिला. आठवड्याने परत बोलावलं.

आठवड्याने ती आली ती एका दिवसाचाही खाडा न करता. आठवडाभर बोट डबीत गेलं नव्हतं. दवाखान्यात सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मी सोनोग्राफीचा प्रोब लावला आणि गर्भजल ६ सेंमी भरलं.

आधी वाटलं, वार हरली. बाळाचा पुरवठा फार घटला की लघवी कमी होते आणि पाणी आटतं. पण नाळेतला प्रवाह बिघडला नव्हता, उलट किंचित बरा होता. हे जुळत नव्हतं. पाणी जातंय का तपासलं, तेही नव्हतं. मग सिस्टरनेच विचारलं, "दुसरं काही घेतेस का? गोळी-बिळी?"

तिने पदराच्या गाठीतून पाकीट काढलं. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, डायक्लोफिनॅक असलेली. पाच दिवस, रोज दोन. कशासाठी? दाढेसाठी. खालची डावी दाढ बारा-तेरा वर्षांची असल्यापासून किडलेली. तेव्हा दुखायला लागली म्हणून आईने पहिल्यांदा बोटाला मिश्री लावून दिली होती, आणि ठणका थांबला होता. अर्धं आयुष्य ती दाढ मिश्रीखाली दबून होती. मी मिश्री काढून घेतली, दाढ जागी झाली.

ही माझी दुसरी चूक. कितीदा लावतेस, केव्हा लावतेस, किती वेळ ठेवतेस, सगळं विचारलं. सुरू कशासाठी केलीस, हे विचारलं नाही. ते विचारलं असतं तर त्याच दिवशी दंतवैद्यांकडे चिठ्ठी गेली असती.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या गरोदरपणाच्या उत्तरार्धात धोक्याच्या. त्या बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावतात आणि गर्भजल घटतं. शेवटच्या तिमाहीत तर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मापर्यंत उघडी राहायला हवी अशी रक्तवाहिनी अकाली आकसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्या टाळा असा इशारा दिला. आपल्याकडे त्या भाजीसारख्या मिळतात, आणि पोट दिसत असलेल्या बाईलाही काउंटरवरून कुणी काही विचारत नाही. तिला गोळी देणाऱ्याला मी एकट्याला दोष देणार नाही. "ह्या दिवसांत दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल, आणि तेही विचारून," हे वाक्य मीही तिला बोलले नव्हते.

गोळी बंद केली. दुसऱ्याच दिवशी दंतवैद्यांनी दाढ उघडून पू काढला आणि रूट कॅनॉल सुरू केलं. गरोदरपणात दाताचं काम करत नाहीत हा समज बायकांत आणि काही दंतवैद्यांतही घट्ट आहे. त्याला आधार नाही. जागा बधिर करण्याचं इंजेक्शनही चालतं. पाच दिवसांनी गर्भजल १० सेंमी झालं.

याच दरम्यान आम्ही तिच्या घरी गेलो, सासूबाईंसाठी. मिश्री त्यांच्या तव्यावर भाजली जायची, दोन खोल्यांत धूर आणि वास भरायचा. तो वास आला की सुनेच्या तोंडाला पाणी सुटायचं. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, म्या मिश्री लावूनच सात बाळंतपणं केली." थोड्या थांबल्या. "पाच राहिली." पुढे काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. मृत बाळांचा तो अभ्यास मला पाठ होता, पण साठीच्या बाईला, चाळीस वर्षांनी, तिच्याच उंबऱ्यावर तो ऐकवायचा माझा अधिकार नव्हता. मी एवढंच मागितलं की सून बाळंत होईपर्यंत घरात तवा चढवू नका. त्यांनी चहा केला. पुढच्या भेटीत सून सांगत होती, आत्या आता तयार पुडी आणतात आणि बाहेर ओट्यावर बसून लावतात.

तेहेतिसाव्या आठवड्यात बाळ १,५६० ग्रॅम. अजूनही लहानच, पण घसरण थांबली होती. मध्ये एकदा, एका घरचं काम सुटल्याच्या दिवशी, तिने दोनदा लावली. हे तिने स्वतः येऊन सांगितलं. मला त्या दोनपेक्षा ते सांगायला येणं जास्त मोलाचं वाटलं. ३७ आठवडे भरल्यावर, वजन एवढं कमी असलेल्या बाळाला आणखी आत ठेवण्यात फायदा नव्हता म्हणून कळा सुरू केल्या. मुलगा झाला, लगेच रडला. वजन २,१८० ग्रॅम. पहिल्या दोन दिवसांत साखर दोनदा उतरली, अंगावरच्या दुधाने आणि छातीशी धरून ठेवल्याने सावरली.

थोरलीपेक्षा २८० ग्रॅम जास्त. यातले किती ग्रॅम मिश्री सोडल्याचे? मी सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. दुसरं बाळ एरवीही पहिल्यापेक्षा थोडं जड असतं. या वेळी रक्त सुधारलं होतं, खाणं सुधारलं होतं. मिश्री सुटली ती तिसाव्या आठवड्यात, वार तोवर घडून गेली होती. सिगारेटवरच्या अभ्यासांत असं दिसतं की पहिल्या साडेतीन महिन्यांत सोडली तर बाळाचं वजन जवळपास इतरांसारखं भरतं. म्हणजे पहिल्या भेटीत, चौदाव्या आठवड्यात, मी नीट विचारलं असतं तर ती अजून त्या मुदतीत होती. त्या सोळा आठवड्यांचं मला वाईट वाटतं.

आता फॉर्मवर ‘व्यसन’ हा रकाना नाही. सिस्टर विचारतात, "सकाळी दात कशाने घासता? मिश्री, तपकीर, गुल, लाल मंजन? दिवसातून कितीदा? पहिल्यांदा कशासाठी लावली होती?" मग गोळ्या, मेडिकलमधल्या, खोकल्याच्या औषधासकट, कारण काही खोकल्याच्या बाटल्यांत कोडीन असतं आणि त्याची सवय बाळालाही लागते. मग दारू. हा प्रश्न आम्ही वस्तीतल्या बाईला बेधडक विचारतो आणि बाणेर-खराडीहून येणाऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या बाईला विचारायला संकोचतो. हे चूक आहे. वाइनच्या ग्लासातली दारू आणि हातभट्टीची दारू वार सारखीच ओलांडते. तंबाखू मुख्यतः पुरवठा आवळते, दारू घडणच बिघडवते. बाळाचं यकृत ती निपटू शकत नाही आणि ती गर्भजलात रेंगाळते. वरचा ओठ पातळ, नाकाखालची खाच सपाट, डोळ्यांच्या फटी लहान, आणि पुढे शाळेत लक्ष न लागणं, हिशेब न जमणं, हे चित्र १९७३ मध्ये अमेरिकेतल्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी नाव देऊन मांडलं. गरोदरपणात इतकी चालते असं कुठलंही प्रमाण कुणाला सापडलेलं नाही. आणि जिला ती सोडवत नाही तिला रागावून पाठवायचं नसतं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथे बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. रोज भरपूर पिणाऱ्या बाईने दारू एकाएकी, घरच्या घरी तोडायचीही नसते. त्याला देखरेख लागते.

बाळंतपणानंतर ती महिनाभर माहेरी गेली. तिथे सकाळी ओट्यावर पाच बायका बसतात आणि डबी हातोहात फिरते. दीड महिन्याच्या लसीला ती पुण्यात आली तेव्हा बाळ ३,३०० ग्रॅम झालं होतं, अंगावरचंच दूध. मी विचारलं, "कितीदा?" ती म्हणाली, "सकाळी एकदा. परसाकडला होत नाही तिथं." निकोटिन दुधातही उतरतं, हे तिला माहीत होतं. म्हणून आधी बाळाला पाजते आणि मग लावते, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी इसबगोल पुन्हा लिहून दिलं. दाढेवर कॅप बसवायची राहिली आहे, त्याची चिठ्ठीही दिली. थोरलीच्या दोन दाढा किडलेल्या दिसल्या, तिचं नाव त्याच चिठ्ठीवर खाली लिहिलं. चार आठवड्यांनी पुढची लस आहे, तेव्हा दोघींना सोबत बोलावलं आहे.